नागझिरा परिसरातील नळाच्या पाण्याची सुरक्षितता व गुणवत्ता तपासणी : एक विवेचन

सारांश : नळाचे पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्यास सुरक्षित असतेच असे नाही. पाण्यातील जंतुदोष काही तासांत निर्माण होतो, तर विरघळलेल्या क्षारांचा दोष वर्षानुवर्षे शरीरात साचत जातो. या दोन दोषांची गती भिन्न असल्याने त्यांची तपासणी करण्याची वेळ, जागा व साधने भिन्न असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात नागझिरा अभयारण्याच्या परिसरातील गावे समोर ठेवून नळाच्या पाण्याची तपासणी कशी केली जाते, तिचा अर्थ कसा लावावा व तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : नळयोजना, अवशिष्ट क्लोरीन, जंतुदोष, फ्लोराइड, भूजल, ग्रामपंचायत.

१. प्रस्तावना

गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांच्या सीमेवरील नागझिरा अभयारण्य १९७० साली घोषित झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या परिसराचे पाण्याशी असलेले नाते गावांच्या नावांतूनच प्रकट होते. 'नागझिरा' या नावातील 'झिरा' म्हणजे जमिनीतून पाझरणारे पाणी. जंगलातील नागाचे देवस्थान आणि बारमाही झरा यांवरून हे नाव पडले असे सांगितले जाते. गोंदिया जिल्ह्यातील मंगेझरी, भंडारा जिल्ह्यातील पिटेझरी व उमरझरी या नावांतही झराच आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे 'मालगुजारी तलाव' म्हणून ओळखल्या गेलेल्या शेकडो तलावांमुळे हा सारा प्रदेश तलावांचा प्रदेश म्हणून प्रसिद्ध आहे.

झऱ्याचे पाणी शुद्ध असते, ही धारणा अशा प्रदेशात स्वाभाविक आहे. परंतु पाण्याला वनाचे वा वस्तीचे कुंपण नसते. वन्यप्राणी, गुरे व माणसे यांच्या विष्ठेतील जंतू पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात, झऱ्यात व उथळ विहिरीत उतरतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक घरात नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पोहोचविण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ आल्याने पाणी आणण्याचे कष्ट वाचतात, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र त्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहतो. विहिरीचे पाणी बिघडले तर विहिरीकडे पाहून काही अंदाज येत असे. नळाचे पाणी कोठून व कशातून आले, हे पिणाऱ्यास दिसत नाही. म्हणूनच तपासणीस महत्त्व प्राप्त होते.

२. उद्भवापासून नळापर्यंत

ग्रामीण नळयोजनेचे चार टप्पे असतात : उद्भव (विहीर, विंधनविहीर, तलाव अथवा नदी), उंचावरील टाकी, जलवाहिनी आणि घरातील नळ. बहुतेक वेळा 'पाणी तपासले' असे म्हटले जाते तेव्हा नमुना उद्भवाचा असतो. उद्भवाचे पाणी निर्दोष असले तरी पुढील तीन टप्प्यांत ते बिघडू शकते.

खेड्यांत पाणीपुरवठा चोवीस तास नसतो. दिवसातून एकदा, कधी एक दिवसाआड पाणी सोडले जाते. उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी असते आणि तिच्यातील दाब नाहीसा होतो. अशा वेळी वाहिनीला सूक्ष्म तडा गेलेला असेल व ती गटाराजवळून जात असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत शिरते. कोणी नळाला थेट टिल्लू पंप जोडला, तर ही ओढ अधिकच वाढते. पाण्याला जोर यावा म्हणून नळ खड्ड्यात बसविण्याची रीत अनेक गावांत आढळते. त्या खड्ड्यात साचलेले सांडपाणी, तोटी नसल्यास, पुरवठा बंद होताच उलट वाहिनीत जाते. टाकीच्या झाकणाची फट, पक्ष्यांची विष्ठा आणि तळाशी साचलेला गाळ ही टाकीतील दोषाची कारणे होत. यावरून एक निष्कर्ष निघतो. ज्या पाण्याविषयी निर्णय घ्यावयाचा ते पिणाऱ्याच्या नळावरचे पाणी आहे. त्यामुळे तपासणीचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा बिंदू टाकीपासून सर्वाधिक दूर असलेला नळ हाच होय.

३. जंतुदोष : तासांत निर्माण होणारा धोका

पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ (अ व ई प्रकारची) हे रोग प्रामुख्याने विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतात. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत पटकीची साथ पसरली व त्यात मृत्यूही झाले. गावकरी उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. वीजजोडणी तोडली गेल्याने नळयोजना बंद होती, अशा बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या. मेळघाट हाही व्याघ्र प्रकल्पाचा, पावसाचा व दुर्गम वस्त्यांचा प्रदेश असल्याने नागझिरा परिसरासाठी हे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. नळयोजना अस्तित्वात असणे व नळाला सुरक्षित पाणी असणे यांतील अंतर तेथे काही दिवसांत स्पष्ट झाले.

हा प्रश्न केवळ दुर्गम भागाचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव व किरकटवाडी परिसरात गिलियन-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आतड्यांना बाधा करणारा जीवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे संशयाने पाहिले गेले. महानगराच्या वेशीवर जे घडू शकते, ते वनाच्या वेशीवर घडणार नाही असे मानण्यास आधार नाही.

जंतुदोषासंबंधी भारतीय मानक आय.एस. १०५०० (दुसरी सुधारणा, २०१२) यातील अट निःसंदिग्ध आहे : पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये. ई. कोलाय माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ त्या पाण्याला अलीकडेच विष्ठेचा संपर्क झाला आहे. त्याच्याबरोबर रोगजंतू असतीलच असे नाही, पण त्यांचा मार्ग मोकळा आहे, एवढे निश्चित समजावे.

४. अवशिष्ट क्लोरीन : रोजची तपासणी

जंतुनाशासाठी ग्रामपंचायती सर्रास विरंजक चूर्ण, म्हणजे टीसीएल पावडर, वापरतात. पावडरमधील क्लोरीन पाण्यातील जंतू व सेंद्रिय घाण यांवर खर्च होतो. खर्च होऊन जो उरतो, तो 'अवशिष्ट क्लोरीन'. वाहिनीत पुढे नव्याने जंतू शिरल्यास हा उरलेला अंशच संरक्षण देतो. मानकानुसार तो नळावर किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर असावा. विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असेल तेव्हा ही किमान मर्यादा ०.५ मि.ग्रॅ. आहे.

येथे एक साधे गणित उपयुक्त ठरेल. १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम टीसीएल हे प्रचलित प्रमाण आहे. ५०,००० लिटरच्या टाकीस २५० ग्रॅम पावडर लागेल. पावडर ताजी असून तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असेल, तर पाण्यात लिटरमागे सुमारे १.६५ मि.ग्रॅ. क्लोरीन मिसळेल. मात्र ही पावडर ओलावा, ऊन व हवा यांनी निकामी होत जाते. उघड्या पोत्यात राहून तिच्यातील क्लोरीन १५ टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच पावडरीतून केवळ ०.७५ मि.ग्रॅ. मिळेल. पावसाळ्यात गढूळ पाण्याने त्यांपैकी ०.६ मि.ग्रॅ. खर्च केला, असे उदाहरणादाखल धरू. पहिल्या स्थितीत १.०५ मि.ग्रॅ. उरतो, दुसऱ्या स्थितीत ०.१५. पावडर टाकल्याची नोंद दोन्ही वेळी सारखीच होते, पण दुसऱ्या गावाचे पाणी असुरक्षित असते. 'पावडर टाकली' ही कृती झाली. 'क्लोरीन उरला' हा तिचा परिणाम, आणि तपासायचा तो परिणाम.

त्यासाठी ऑर्थोटोलिडीन अर्थात ओ.टी. चाचणी सर्वपरिचित आहे. क्लोरीन मिसळल्यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा. नंतर नळाचे पाणी परीक्षानळीत खुणेपर्यंत घेऊन त्यात द्रावणाचे सूचनेप्रमाणे थेंब टाकावेत. पिवळा रंग येतो व तो रंगपट्टीशी ताडून प्रमाण कळते. रंग लगेच पाहणे आवश्यक आहे, कारण उशिरा गडद होणारा रंग संयुक्त क्लोरीनमुळे येतो व त्याची जंतुनाशक शक्ती कमी असते. रंग आलाच नाही तर क्लोरीन उरलेला नाही असे समजावे. ऑर्थोटोलिडीन विषारी असल्याने चाचणीचे पाणी पिऊ नये व ते मुलांच्या हाती देऊ नये. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी अधिक अचूक व तुलनेने सुरक्षित मानली जाते.

ही चाचणी दोन मिनिटांची व अल्पखर्चाची आहे. ती टाकीजवळच्या, मधल्या व शेवटच्या अशा तीन नळांवर घेतल्यास दोषाची जागाही कळते. टाकीजवळ ०.५ व शेवटी शून्य असा निकाल आला, तर वाटेत वाहिनी फुटली असण्याची शक्यता प्रथम तपासावी. तिन्ही ठिकाणी शून्य आला, तर पावडर व तिची मात्रा तपासावी.

५. जंतुपरीक्षा व नमुना घेण्याची रीत

क्लोरीन आढळला नाही अथवा शंका आली, तर जंतुपरीक्षा करावी लागते. गावपातळीवर त्यासाठी हायड्रोजन सल्फाइड बाटलीची चाचणी उपलब्ध आहे. ग्वाल्हेर येथील मांजा, मौर्य व राव या संशोधकांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली व पुढे ती अनेक देशांत स्वीकारली गेली. निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवतात. पाणी काळे झाले तर विष्ठाजन्य दूषितता संभवते. थंडीच्या दिवसांत बाटली गार जागी राहिल्यास निकाल लांबतो किंवा फसवा येतो. काही भूजलात नैसर्गिक सल्फाइड असते व त्यामुळेही काळेपणा येऊ शकतो. म्हणून ही चाचणी इशारा देते, अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा असतो. बाटलीचा इशारा मिळताच मात्र निकालाची वाट न पाहता पाणी उकळून पिण्याची सूचना गावात देणे श्रेयस्कर.

प्रयोगशाळेचा निकाल नमुन्याइतकाच विश्वासार्ह असतो. जंतुपरीक्षेसाठी निर्जंतुक बाटलीच वापरावी. तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते क्लोरीन निष्प्रभ करते, अन्यथा वाटेतच जंतू मरून निकाल खोटा येईल. म्हणून ही बाटली पाण्याने विसळू नये. नळाचे तोंड पुसून ज्योतीने तापवावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, झाकणाच्या आतील बाजूस बोट लागू देऊ नये व बाटलीत थोडी मोकळी जागा ठेवावी. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत, प्रयोगशाळेत पोहोचवावा. जंगलालगतच्या गावांना तालुक्याचे अंतर व पावसाळ्यातील रस्ते यांमुळे हीच अट सर्वांत कठीण जाते. रासायनिक तपासणीचा नमुना मात्र स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात, तो त्याच पाण्याने तीनदा विसळून, घ्यावा.

६. विरघळलेले क्षार : वर्षानुवर्षे साचणारा धोका

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळा पाषाण असला तरी गोंदिया जिल्ह्याचा भूभाग मुख्यतः ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या प्राचीन स्फटिकी खडकांचा आहे. अशा खडकांत पाणी भेगांमध्ये दीर्घकाळ राहते व खडकातील खनिजे त्यात विरघळतात. त्यामुळे एकाच गावातील दोन विंधनविहिरींचे पाणी वेगळे असू शकते. एकीचा अहवाल दुसरीला लावता येत नाही.

यातील सर्वांत दक्षतेचा घटक फ्लोराइड होय. पूर्व विदर्भात चंद्रपूर व लगतच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत त्याचे दुष्परिणाम दिसून आले आहेत. मानकानुसार तो १.० मि.ग्रॅ. प्रति लिटरपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा उद्भवच नसल्यास १.५ पर्यंत चालवून घेतला जातो. त्यापलीकडे मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे व पुढे तपकिरी डाग पडतात. अनेक वर्षांच्या सेवनाने सांधे व मणके ताठर होतात. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. क्लोरीनचा त्यावर परिणाम होत नाही आणि पाणी उकळल्यास त्याचे प्रमाण उलट वाढते, कारण पाणी वाफ होऊन जाते व क्षार मागे राहतात. जंतूंवरील उपाय क्षारांवर चालत नाही, हे ध्यानी घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

धानपट्ट्यात खतांचा वापर व उकिरड्यांची विहिरींशी असलेली जवळीक यांमुळे नायट्रेटची तपासणीही महत्त्वाची ठरते. त्याची मर्यादा ४५ मि.ग्रॅ. असून तिच्यात सूट नाही. वरच्या दुधावर वाढणाऱ्या सहा महिन्यांखालील बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता अधिक नायट्रेटने घटते. लोह आरोग्यास तितके घातक नसले तरी लोकांच्या वागणुकीवर त्याचा परिणाम होतो. विंधनविहिरीचे नितळ पाणी गुंडात ठेवल्यावर तांबूस होते, चहा काळपट होतो, भाताचा रंग बदलतो. अशा पाण्याला कंटाळून लोक जवळच्या ओढ्याचे चवदार पाणी पिऊ लागतात व साध्या दोषातून गंभीर दोषाकडे जातात. याखेरीज पीएच ६.५ ते ८.५, एकूण विरघळलेले क्षार ५०० (पर्याय नसल्यास २,०००), कठीणपणा २०० (पर्याय नसल्यास ६००) मि.ग्रॅ. प्रति लिटर आणि गढूळपणा १ (पर्याय नसल्यास ५) एकक या मर्यादा मानकात दिल्या आहेत.

रासायनिक घटक सहसा सावकाश बदलतात. त्यामुळे वर्षातून एकदा रासायनिक व पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा जंतुपरीक्षा, अशी पद्धत निश्चित केलेली आहे. फ्लोराइड अधिक आढळल्यास दुसरा उद्भव शोधणे हा पहिला उपाय आहे. ते अशक्य असल्यास नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेली, तुरटी व चुन्यावर आधारित 'नलगोंडा' पद्धत किंवा अन्य गाळणयंत्रणा वापरता येते.

७. घरातील पाणी

नळावर सुरक्षित असलेले पाणी माठात बिघडू शकते. हात बुडवून पेला भरणे हे त्याचे मुख्य कारण आहे. झाकण व लांब दांड्याचे ओगराळे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. तुरटी अथवा मध्य भारतातील वनांत आढळणाऱ्या निवळीच्या बिया यांनी गाळ खाली बसतो. ही परंपरागत रीत उपयुक्त असली तरी तिने पाणी निर्जंतुक होत नाही. फडक्याने गाळल्यासही जंतू राहतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळणे किंवा आरोग्य विभागाकडून मिळणारे क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या मात्रेत टाकून अर्धा तास थांबणे, हे जंतूंवरील खात्रीचे उपाय आहेत. गढूळ पाणी आधी निवळून घेतले तरच क्लोरीन नीट काम करतो.

८. नोंद व उत्तरदायित्व

तपासणीचे मोल तिच्या नोंदीच्या सत्यतेवर अवलंबून असते. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन या लहान गावात अतिवृष्टीनंतर शेतालगतच्या उथळ विहिरीत जंतू शिरले. तेथे क्लोरीनची यंत्रणा होती, नोंदवहीही होती. परंतु कर्मचारी प्रत्यक्ष न मोजता वहीत ठरावीक आकडे लिहीत असत. सुमारे २,३०० लोक आजारी पडले व सात जणांचा मृत्यू झाला. संपन्न देशातही न घेतलेल्या चाचणीचा लिहिलेला निकाल प्राणघातक ठरला.

महाराष्ट्रात गावाच्या पाणीस्रोतांचे वर्षातून दोनदा सर्वेक्षण करून जोखमीनुसार ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोजच्या क्लोरीनीकरणाचे काम पाहतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा रासायनिक व जैविक तपासणी करतात. रचना पुरेशी आहे. प्रश्न उरतो तो तिच्या रोजच्या वापराचा. हिरवे कार्ड सर्वेक्षणाच्या दिवसाची स्थिती सांगते. ऑगस्टमधील एखाद्या रात्री फुटलेल्या वाहिनीविषयी ते काहीही सांगू शकत नाही.

त्यामुळे शेवटच्या नळावरील क्लोरीनचा रोजचा आकडा, तारीख व नळाचे ठिकाण ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जाणे उपयुक्त ठरेल. मोजणी वेगवेगळ्या घरांच्या अंगणात, घरच्यांच्या समोर झाली तर खोटी नोंद करणे कठीण होते. आकडा शून्य आल्यास तो लिहिण्याची भीती वाटू नये, अशी व्यवस्था असणे तितकेच आवश्यक आहे. दोष लपविणाऱ्या हिरव्या कार्डापेक्षा दोष दाखविणारा शून्य गावाच्या अधिक हिताचा असतो.

९. समारोप

नळाच्या पाण्याची सुरक्षितता हा एकदा मिळवून भिंतीवर लावण्याचा दाखला नव्हे. जंतूंसाठी रोजची, शेवटच्या नळावरची व पावसाळ्यात अधिक सावध तपासणी, तर क्षारांसाठी प्रत्येक उद्भवाची वार्षिक तपासणी, असे दुहेरी वेळापत्रक आवश्यक आहे. एकाची जागा दुसरी घेऊ शकत नाही : प्रयोगशाळेचा उत्तम अहवाल आजच्या पाण्यातील जंतूंची हमी देत नाही आणि परीक्षानळीतील पिवळा रंग फ्लोराइडविषयी मौन बाळगतो. झऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागझिरा परिसरातील गावांनी पाण्याचा आदर पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. नळाच्या काळात तो आदर दोन मिनिटांच्या चाचणीतून व तिच्या प्रामाणिक नोंदीतून व्यक्त व्हावा, हेच या विवेचनाचे सार होय.